सोळा पानांचा फर्मा

सेलूच्या सबस्टेशनवर तेवीस वर्षं
रात्रपाळी केली मी.
वरून फोन यायचा, वहीत वेळ लिहायचो,
फीडर नंबर तीन, खटका खाली,
की अर्धं गाव गडप.
माझ्या टेबलावर मात्र पॅनलचा लाल दिवा
आणि बॅटरीवरचा एक पिवळा बल्ब.
त्या उजेडात मी पुस्तकं वाचली.
गावाचा उजेड काढून घेऊन वाचली
असंही म्हणता येईल. बायको तसंच म्हणायची.

बाहेर येऊन पाहिलं तर
फीडर नंबर तीनच्या वर आकाशगंगा,
गिरणीतल्या भिंतीसारखी पिठाळ.
लोक गच्चीवर बाजा टाकून मला शिव्या घालायचे,
आणि शिव्या संपल्या की
पोरांना तारे दाखवायचे.
माझी पहिली कादंबरी तिथली.

मागे एक पोरगी मुलाखतीला आली होती.
म्हणाली, इथं बसून तुम्ही अंतराळयानं लिहिता,
ओढूनताणून नाही वाटत?
मी चहा पुढे केला. बोललो नाही.
माझ्या यानात, बाई,
पाणी आठव्या दिवशी येतं.
कप्तान टाकीत काठी बुडवतो
आणि ओली खूण वितीनं मोजतो.
खालच्या मजल्यावर कुणीतरी मोटर लावून
सगळ्यांचं पाणी ओढतं,
त्यावरून कचाकचा भांडणं होतात
गुरूच्या कक्षेत.
यात ओढूनताणून काय आणलं मी?
गुरू तेवढा.

वाचनालयाचे उत्तरेश्वर घाडगे
नवं पुस्तक आधी हुंगायचे, मग नोंदवायचे.
फाटकी पुस्तकं पोत्यात घालून
सायकलवरून खलीलमामूंकडे.
स्टेशन रोडला पंक्चरच्या दुकानामागं मामूंची खोली,
खळीचा आंबूस वास, दाभण, मेणवलेला दोरा.
मामू मराठी अक्षरं शिकले
फलाटावरच्या पाट्यांवरून.
त्यांच्याकडं येणाऱ्या पुस्तकांना
पहिली पानं नसायची, शेवटची नसायची.
"आपण तं मधलंच वाचलं जिंदगीभर," म्हणायचे,
"खून कोणी केला, कधी कळलं नाही.
माणसं कळली, बस."

तिसऱ्या कादंबरीच्या तीनशे प्रती
परभणीला छापल्या, बांधायला मामूंकडे दिल्या.
प्रत हातात आली. अठ्ठेचाळीस पानानंतर
एकदम सत्त्याण्णव.
चौथ्या फर्म्याच्या जागी सातवा.
म्हणजे कप्तान मेलेलाच होता,
त्याची बायको त्याच्या सदऱ्याच्या घड्या घालत होती,
का मेला ते कुणालाच ठाऊक नाही.
आणि पुढं शहाण्णव पान संपलं
की आलं एकोणपन्नास:
कप्तान जांभई देत उठतो
आणि चहा मागतो.

तावातावानं निघालो मी स्टेशन रोडला.
मामू खाली मान घालून खळी ढवळत होते.
डोळ्यांत मोतीबिंदू, खरंय.
पण त्याच महिन्यात फातेमामामी गेल्या होत्या,
तेही खरंय.
ढिगांची अदलाबदल झाली की केली
मी विचारलं नाही.
"खोलून परत बांधतो," ते म्हणाले, "तीनशेच्या तीनशे."
"राहू द्या," म्हणालो.

काळयंत्रावर मी त्याआधी बरंच खरडलं होतं.
समीकरणं, आरसे, निळा प्रकाश.
एकदाही चाललं नाही ते.
चाललं ते हे:
सोळा पानं, दाभण, दोरा.

वर्षभरानं गंगाखेडहून कार्ड आलं,
खाली नाव नाही, अक्षर वळणदार:
"मेल्यानंतर चहा मागतो ते पान
घरात दोनदा मोठ्यानं वाचलं.
असं विज्ञान लवकर निघावं."

आता खटका आपोआप पडतो,
आपोआप चढतो. मी घरी असतो.
एक प्रत ठेवलीय, सहसा काढत नाही.
काढली तर शहाण्णवपर्यंत येतो,
आणि पान उलटायच्या आधी
उठून चहा टाकतो.
पाणी दोन कपांचं घेतो.