वरची रेघ

शिडीवरनं पडलासा तेव्हा
हातातला ब्रश सुटला नव्हता म्हणे.
खडेबाजारात त्या बोर्डावर
‘न्यू श्रावणी ड्रे’ एवढंच झालं होतं,
पुढचं नुसतं खडूनं आखलेलं.
वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक,
इंच टेपनं मोजून.
त्या मोजमापाची भांडणं घरात कधी आणली नाहीसा.
‘रंग दोन्हीला एकाच डब्यातला लागतोय,’
एवढंच म्हणायचासा, आणि जेवायला बसायचासा.

दवाखान्यात एकवीस दिवस.
डॉक्टरनं फिल्म उजेडाला धरली.
आत एक पांढुरका डाग.
मला वाटलं, एवढाच?
एवढी ओल तर आपण दर साली चुन्यानं झाकतो.

घरी आणताना अनगोळचं गेट बंद.
रिक्षात बसून मालगाडीचे डबे बघत राहिलासा,
शेवटचा डबा गेला, आणि बोललासा:
‘नीरु.’
पाणी नव्हे. नीरु.

आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती,
तिनं दुसऱ्यांदा ऐकलं, आणि तुकडा हातातच राहिला.
शेजारची गंगव्वा तांब्या भरून आली.
तिला एवढंच कळलं, की माणसाला तहान लागलीय.

मी चंदगडकडची, माझं कन्नड भाजीपुरतं.
गंगव्वानं उंबऱ्यात बसून शिकवलं,
शेंगा फोडत फोडत:
साकु म्हणजे पुरे. ब्याड म्हणजे नको.
तली ब्यानी म्हणजे डोकं दुखतंय,
तेव्हा लाइट घालवायची आणि कुणी बोलायचं नाही.
बोलायचं नाही हे मला आधीच येत होतं.

‘वाचला, हे काय कमी?’
सगळे पावणे म्हणून गेले.
केळी ठेवून गेले.
मागं राहिलं ते असं:
आमटीचं ताट भिंतीवर,
रात्री दोनला चपला घालून दारात,
आणि मला ‘अक्का’ म्हणणं.
सतरा वर्षांचा संसार, अक्का.

एकदा मी मारलं तुम्हाला.
दंडावर. हे कुणाला सांगितलेलं नाही.
तुम्ही ओरडला नाहीसा,
माझा हात धरलासा, उजेडाकडं नेलासा,
उलटापालटा करून बघत बसलासा,
जसा काही हा रंग कुठल्या डब्यातला
ते आठवायचं होतं.

थेरपीची पोरगी कार्डं दाखवते.
मांजर येतं. छत्री कधी येते, कधी नाही.
चमचा दाखवला की ‘किल्ली’.
रोज किल्ली.
आता आपली तेजूसुद्धा चुलीपाशी येऊन म्हणते,
‘आई, किल्ली दे, भात बघते.’
मीही देते. कुणी हसत नाही आता,
म्हणजे हसतो, पण तसं नव्हे.

बोर्डावर शेटनं फ्लेक्स मारलाय.
शनिवारी बाजाराला गेले की मी खाली थांबते.
वाऱ्यानं कोपरा उचलला
की आतलं ‘ड्रे’ दिसतं,
पिवळ्यावर निळं, अजून ताजं.

काल परसात पत्रा ठेवला, जुना,
आणि ब्रश दिला डाव्या हातात.
उजवा अजून झोपलेलाच.
बराच वेळ काही नाही.
कावळा आला, गेला.
टाक्यांच्या जागी केस उगवूलालेत, ते मी बघत होते.
मग रेघ आली.
पत्र्याच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत,
टेप नाही, दोरी नाही,
कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही.
कन्नडला वरची रेघ नसते,
एवढं तर मलाबी ठाऊक आहे.
आई म्हणाली, ‘बघ, आलं की मराठी!’
मी काही म्हटलं नाही.
रेघेखाली एकही अक्षर नव्हतं.

तुम्ही ब्रश उभा धरलासा, ठिबकणारा,
दिवळीतल्या टर्पेंटाइनच्या बाटलीकडं बघितलासा
आणि मला म्हणालासा,
‘किल्ली.’

मी बाटली दिली.