पेल्यातलं वादळ

त्सोलाकची निवा सोमवारी आली.
मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेल्या लवाशच्या रोट्या, अजून कोमट,
आणि पुढे बॉनेटखाली इंजिन आचके देत होतं
उचकी लागल्यासारखं.
कोण आठवण काढतंय, पत्ता नाही.

"पळते झकास," त्सोलाक म्हणाला,
"उभी केली की थरथरते. चौकात तर दोनदा मेली."
उस्ता हमायाकने मान हलवली.
त्यातलं त्याने ऐकलं किती आणि ओठांवरून वाचलं किती,
मला माहीत होतं. त्सोलाकला नव्हतं.

ग्युमरीत या दिवसांत पाना हाताला चिकटतो.
उस्ताने चहाचा पेला पाण्याने अर्धा भरला,
एअर फिल्टरच्या झाकणावर ठेवला
आणि वाकून बघत राहिला.
पाण्यावर वर्तुळं उठत होती: तीन सरळ, चौथं लंगडं,
पुन्हा तीन, पुन्हा लंगडं.
"मिसिंग मारतेय."
पूर्वी तो लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावायचा,
टोक इंजिनवर, डोळे मिटलेले.
तो स्क्रू ड्रायव्हर आता रंगाचे डबे उघडतो.

मग वायरी. एकेक उपसायची, बघायचं.
पहिली काढली, इंजिन खचलं; लावली, सावरलं.
दुसरी, तिसरी, तेच.
चौथी काढली तर काहीच झालं नाही.
घरातलं एक माणूस पानावरून उठून गेलं
आणि जेवणाऱ्यांनी मान वर केली नाही, तसं.

प्लग बदलला. वायर बदलली.
कार्बोरेटर उघडून पेट्रोलने धुतला, जेट तोंडाने फुंकले.
व्हॉल्व्हची फट पातीने मोजली, कॉम्प्रेशन मोजलं,
सगळं जागच्या जागी.
पेल्यात मात्र चौथं लंगडंच.
गुरुवारी दुपारी तो स्टुलावर बसला
आणि कारखान्याला, थंडीला, त्सोलाकच्या सासूलासुद्धा
शिव्या दिल्या.

आता खरं सांगते.
तो आवाज मला सोमवारीच आला होता.
बारीक, सुईसारखा, सूऽऽऽ,
इंजिनच्या मागून, खालून कुठून तरी.
तीन दिवस मी गप्प होते.
चुकत असेन तर हसू होईल, असं स्वतःला सांगत होते.
भीती वेगळीच होती, बरोबर असण्याची.
दोन हिवाळ्यांपूर्वी शेगडीवर किटली शिटी मारत होती,
कर्कश, भिंती कापत,
आणि तो हातभर अंतरावर पेपर वाचत होता.
मी उठून उतरवली. तो म्हणाला, "उकळलं का?"
तेव्हापासून मीच उतरवते.

"उस्ता, ब्रेकची ही नळी फार कडक झालीये का बघता?"
एवढंच म्हणाले. आवाजाचं नाव काढलं नाही.
त्याने हात खाली घातला, नळीच्या पोटावरून बोट फिरवलं,
आणि थांबला.
चीर होती. तिने बोटाचं टोक आत ओढलं,
वासरू ओढतं तसं.
इंजिन शांत झालं.
पाण्यावर वर्तुळं एका मापाची, एकामागून एक.
त्याने बोट लगेच काढलं नाही.
मी पेल्याकडे बघत होते.
तो माझ्याकडे बघत होता.

दोन बोटं नळी कापली, उरलेली पुढे सरकवली, नवा क्लॅम्प आवळला.
पाच मिनिटांचं काम.
त्सोलाककडून त्याने फक्त क्लॅम्पचे पैसे घेतले,
प्लग आणि वायर स्वतःच्या नावावर वहीत मांडली.
त्सोलाकने चार रोट्या ठेवल्या आणि गेला,
चौकात थांबला असणार. मेली असती तर परत आला असता.

उस्ता दिवसभर काही बोलला नाही.
शुक्रवारी मी आले तेव्हा किटली त्याच्या बाजूला नव्हती.
शेगडीच्या अलीकडच्या कडेला,
माझ्या स्टुलाशेजारी होती,
आणि लांब स्क्रू ड्रायव्हर, रंग खरवडून पुसलेला,
माझ्या हत्यारांत.