थोडक्यात कारण

जिंतुरात, तहसीलसमोर, माझं दुकान.
पाटीवर नाव दिराचं, लायसन दिराचं,
मशीन माझ्या मंगळसूत्राचं.
टायपिंग पानाला वीस, झेरॉक्स दोन रुपये.
उन्हाळ्यात मशीन तापतं, कागद अडकतो,
तेव्हा आत हात घालून ओढून काढावा लागतो,
सुईणीसारखा.

प्रत्येक अर्जात एक रकाना असतो :
कारण. थोडक्यात लिहावे.
दोन बोटं जागा.
केवळबाई बोलत राहते, मी जागा मोजत राहते.
टोळीतून आल्यावर डॉक्टर म्हणला, पिशवी काढून टाक.
मुकादम म्हणला, काढ, खाडे तरी कमी होतील.
नवरा काहीच म्हणला नाही, अंगठा धरून टेकवला.
माझा.
मी टाइप करते : वैद्यकीय कारणास्तव.

अयोध्याबाई सरपंच आहे. शिक्का नवऱ्याच्या खिशात.
सहीपुरती तिला मोटारसायकलवर आणतात,
सही झाली की म्हणतात, चला, म्हशी सुटल्या असतील.
एकदा तिनं हळूच विचारलं,
ठरावात काय लिव्हलंय गं, वाचून दाखव की.
मी वाचलं. ती म्हणाली,
हे मी कवा म्हणले?

शाहीन पोटगीच्या तारखा बिस्किटाच्या पुड्यात ठेवते.
चौदा झाल्या.

संध्याकाळी शटर अर्धं ओढते
आणि जे रकान्यात मावलं नाही ते लिहिते.
नाव नाही. त्यांचं नाही, माझं नाही.
एक पान, पाठपोट, चाळीस प्रती.
चारठाण्याच्या एस्टीत मागच्या सीटवर सहा,
गिरणीत दळणाच्या डब्यांवर,
बचत गटाच्या पासबुकात,
आणि सरकारी दवाखान्यात, जिथं बाया
केसपेपर धरून भिंतीला टेकतात.
पहिल्या महिन्यात एका पानात कुणी शेवचिवडा बांधून दिला.
देऊ दे. पुडी सोडताना कुणी वाचलं असेल,
तेलाच्या डागातून अक्षर उलट जास्तच दिसतं.

मग एक पान परत आलं, शटरच्या फटीतून.
पाठीमागं पेन्सिलनं, पाचवी-सहावीतल्या अक्षरात :
आई सांगते, मी लिहिते.
आमच्या इकडं पण असंच आहे,
फक्त मुकादमाचं नाव वेगळं.
ते मी टाइप नाही केलं.
तसंच छापलं, खोडाखोडीसकट.

आणि एका सोमवारी अयोध्याबाईचा नवरा आला.
ल्ह्या, म्हणाला. मा. तहसीलदार साहेब यांस.
तालुक्यात कुणीतरी बायांची डोकी भडकवायलंय.
पुरावा म्हणून पान पुढं टाकलं,
घड्यांवर फाटलेलं. म्हणजे घरात बरंच फिरलं होतं.
मी लिहिलं. त्याच्या ‘प्रतिष्टे’ला ठ लावला.
कारणापाशी तो सुरू झाला : घराणं, आजा, पंचक्रोशी,
बायकोनं परवा त्याच्याकडं शिक्का मागितला ते.
अर्धा तास.
मी म्हटलं, भाऊ, थोडक्यात सांगा.
दोनच बोटं जागा आहे.

माझ्या मशीनच्या ड्रमला ओरखडा आहे.
पानाच्या उजव्या कडेला केसाएवढी काळी रेघ उमटते.
त्याच्या अर्जावर उमटली.
पुराव्यावर आधीच होती.
त्यानं दोन्ही कागद कड जुळवून एकत्र धरले,
मीच पिन मारली.
पानाचे वीस, तीन प्रतींचे सहा. सुट्टे नव्हते त्याच्याकडं.

आवक-जावकला कालिंदा बसते.
तिनं शिक्का मारला, रेघेवरून नख फिरवलं,
वरचा कागद उचलून खालचा बघितला.
खिडकीतून रस्ता ओलांडून नजर सरळ माझ्या काउंटरवर.

दुपारी ती स्वतः आली. पदराखालून चार कागद,
त्यांच्याच ऑफिसातले.
मूळ प्रत लगेच परत दे, म्हणाली.
आणि माझं नाव नको.
माझ्या हाताला घाम सुटला होता, आणि लाइटही गेलेली.
म्हटलं, बस.
मशीन सुरू होईस्तोवर तोंडी सांग.