शून्य म्हणजे चालू

कोपरखैरण्यातलं सिडकोचं घर.
पोटमाळ्याखाली, चकलीच्या रिकाम्या डब्यात
बसवलाय बोर्ड, चार रिले
आणि उरल्यासुरल्या लाल वायरींचा गुंता.
सोल्डरचा वास दोन दिवस भातालासुद्धा.

रिले उलटे निघाले.
शून्य लिहिलं की लागतं, एक लिहिलं की विझतं.
प्रोग्रॅमच्या डोक्यावर मी मराठीत टीप ठेवली:
शून्य म्हणजे चालू. विसरू नकोस, बाई.

टाकी भरते सव्वातीनला. डब्यात टक्.
इंदूआत्या झोपेतच कॉटवर बोटं आपटते,
‘कृष्ण, कृष्ण.’
अगं पाल नाही, पंप बंद झाला.
‘असेना. चुकचुकली ना?’

परवा तिच्या दाराशी सेन्सर लावला,
उठली की मोरीपर्यंत आपोआप उजेड.
सकाळी चहासोबत नोंदी वाचल्या:
एक चाळीस. दोन दहा. दोन पन्नास.
चार पाच.
अकरा वर्षं भिंतीपलीकडे झोपतेय मी.

स्टुलावर चढले, सेन्सर पुसायला.
मागे खरीच पाल, शेपूट तुटलेली.

म्हणजे ती, की ही?
आत्याला विचारलं नाही.
तीस सेकंद खोडून
तीनशे लिहिले,
आणि डब्याचं झाकण लावलं.