सायुलिताचा बेत

कविता, सविता, सायुलिता:
हजेरीत पुकारावं असं नाव गावाचं.
सांगलीत, विश्रामबागच्या तिसऱ्या मजल्यावर
मी नकाशावर बोट ठेवते, रात्री साडेदहाला.
तिथं सकाळचे अकरा.
एवढ्या फरकात माझी नोकरी मावते
आणि एक थर्मास चहा.

आयरीनबाई, वय एकाहत्तर,
मुक्काम पुएर्तो वायार्ता,
निवृत्त परिचारिका, एक गुडघा नवा.
त्यांना एका दिवसात जाऊन यायचंय
आणि जमलं तर एकदा
लाटेवर उभं राहायचंय.
'जमलं तर' त्यांनी दोनदा लिहिलंय.

मी मांडत जाते.
सकाळी सातची बस, सुट्टे पेसो हाताशी.
डावीकडे बसा, आधी समुद्र दिसेल,
मग जंगल लागेल.
चौकातून उताराला लागलं की किनारा.
दहाला फळी भाड्यानं, शिकवणारा पोरगा सोबत.
लाट कमरेला, दोन-तीन फूट.

फूट लिहिताना हात थांबतो.
आमच्याकडे पाणी फुटांत मोजतात
ते आयर्विन पुलापाशी.
चाळीसला गाठोडी बांधायची,
पंचेचाळीसला गॅसची टाकी डोक्यावर.
त्या वर्षी सत्तावन्न झालं.
कपाटाच्या दारावर अजून एक रेघ आहे,
पुसली तरी दमट हवेत परत उमटते.

'दोन-तीन फूट,' मी लिहिते,
'घाबरण्यासारखं काही नाही.'

आप्पा पाणी प्यायला उठतात,
तांब्या हातातच, खांद्यावरून पडद्यात बघतात.
पुरात पुलावरून उडी टाकून
हरिपूरला बाहेर निघणारा हा माणूस.
"समुद्राला ओढ असती का गं?"
असते म्हणतात, आत नेते.
"मग बाईंना सांग, पाण्याशी वाद घालायचा न्हाई.
सरळ काठाला यायला गेलं की दमतं माणूस.
तिरपं जायचं.
काठ कुठं पळून जात न्हाई."
दारापर्यंत जाऊन परत वळतात.
"आणि बरोबर भडंग असू दे."

समुद्र आप्पांनी पाहिलेला नाही.
गणपतीपुळ्याचा बेत चार वेळा झाला.
एकदा गाडी ठरली तर घाट खचला,
एकदा आत्या गेली,
एकदा माझी बारावी.
चौथ्यांदा का राहिलं
ते कुणालाच आठवत नाही.

कृष्णेचंही तसंच झालं असणार.
तिकडं साताऱ्याच्या डोंगरात
समुद्र मागच्या दाराशी उभा असताना
ती पुढच्या दारानं निघाली,
आणि अजून चाललीय
दुसऱ्याच समुद्राकडे.

कंपनीच्या साच्यात अशा गोष्टींना रकाना नाही.
वेळ, दर, अंतर, सूचना:
पाऊस झाला असेल तर नदीच्या मुखाशी पोहू नका.
(हो, तिथंही गावातनं एक नदी आहे,
ओढ्याएवढी, पण पोचलेली.)
मी खाली एक ओळ घालते, क्रमांक न देता.
'ओढ लागली तर तिरपे जा.
काठ कुठे पळून जात नाही.'
भडंगाचं 'हलका कोरडा खाऊ' करते.

शेवटी सही, मिला.
परदेशी जिभेला जड जातं म्हणून
ऊर्मिलेचं पुढचं टोक साहेबांनी छाटलं.
नेमकी लाटच गेली त्यात,
त्यांना काय ठाऊक.

उत्तर लगेच येतं.
'तिरपे म्हणजे डावीकडे की उजवीकडे?'

मी आत हाक मारते,
आप्पा, डावीकडं का उजवीकडं?

अंधारातनं, पांघरुणाखालून,
"जिकडं माणसं दिसत्यात तिकडं."
मग जरा वेळानं,
मला वाटलं झोपले, तेवढ्यात,
"आणि परतीची शेवटची गाडी
कितीला हाय, ते बघितलंस का?"