रविवारपर्यंतचा उकंडराव

खालच्या खोलीत जुना डेस्कटॉप, उन्हाळ्याचा.
वरच्या खोलीत लॅपटॉप, थंडीचा,
डिसेंबरात खिडकीतून ऊन पाठीवर येतं म्हणून.
मधे तेरा पायऱ्या
आणि मीच ओढलेली निळी वायर,
खिळ्याखिळ्याला बांधलेली,
टेलिफोन एक्सचेंजात एकतीस वर्षं काढलेल्या हातानं.

रात्री दोन वाजता दोघं बोलतात.
इकडं आलेलं पत्र तिकडं जातं,
तिकडं वाचलेलं इकडंही वाचलेलं होतं.
निहालनं, माझ्या भाच्यानं, सहा ओळी लिहून दिल्या
आणि बजावलं, मामाजी,
हे दोन्हीकडे सारखं ठेवते. जपून ठेवत नाही.
जपायचं तर तिसरी जागा पाहिजे.
मग बर्डीवरून हार्ड डिस्क आणली, तळव्याएवढी,
कुंदानं तिला शेवयांचा रिकामा डबा दिला.
दर रविवारी आंघोळीनंतर डबा उघडायचा,
डिस्क लावायची, काढायची, पुन्हा डब्यात.

अकरा वर्षं. उकंडराव भोयरची चारशे बारा पत्रं.
गोंदियाहून.
गुडघ्याचं तेल, कूलरच्या पंपाची बेअरिंग,
अंगणातल्या फणसाचा फोटो, अंगठ्यासकट.
'गड्या, नागपूर तापून राहिलं म्हणे.'
दुसरं काही नाही. तेवढंच, दर आठ-दहा दिवसांनी.

या बुधवारचं पत्र चार ओळींचं होतं.
चौऱ्याण्णव सालचं विचारलं होतं त्यानं.
केबलच्या हिशेबात साहेबाकडे त्याचं नाव कोणी घातलं,
बदली कोणी करवली,
आता त्याला कोणीतरी सांगितलं होतं.
खोटं आहे, असं लिहिता आलं असतं मला.
सगळं खोटं नाही.

बाहेर पंचेचाळीस. वाळ्याच्या ताट्या कोरड्या ठाक.
मी ते पत्र पुसलं,
मग त्याच्या मागचं,
मग सगळीच निवडली आणि एकदम.
कचरापेटीही रिकामी केली.
रात्री दोन वाजता जिन्यातली वायर जागी झाली
आणि वरच्या मशीननं
कुठला प्रश्न न करता
चारशे तेराही पुसली.

गुरुवारी जेवताना कुंदा म्हणाली,
उकंडरावचं काही आलं नाही का हो? काहून?
मी वरण वाढून घेतलं.

आज शनिवार. डबा मांडीवर.
यात आहे तो रविवारपर्यंतचा उकंडराव,
ज्याला काहीच माहीत नाही,
जो अजून फणस पाठवीन म्हणतो.
उद्या नेहमीसारखी डिस्क लावली
तर त्याच सहा ओळी त्यालाही साफ करतील,
इकडं नाही म्हणजे तिकडंही नको, असा त्यांचा न्याय.

म्हणून आज उलटं केलं. निहालला फोन लावून,
कारण न सांगता.
डब्यातून खाली, एकेक.
हिरवी पट्टी हळूहळू सरकत गेली,
मी शाईच्या पेनाचं टोपण उघडत बसलो, लावत बसलो.
चारशे बारा.
मोजली. पुन्हा मोजली.

बुधवारचं त्यात नाही, नसणारच.
त्याची एक प्रत गोंदियाला आहे,
पाठवलेल्या पत्रांत,
तिथवर माझी वायर पोचत नाही.
दुसरी माझ्याकडे. चारही ओळी, स्वल्पविरामासकट.

दोनला सात मिनिटं कमी.
कूलरचा पंप मधेच खोकतो, पाणी संपलं असेल.
कोरं पान उघडून मी लिहिलं,
'उकंडा, चौऱ्याण्णवचं'
आणि पुढं हात चालेना,
तसंच मसुद्यात ठेवलं.

मसुदेही जातात वर. हे आत्ता आठवलं.
कुंदा पहाटे, ऊन चढायच्या आत,
वरच्या खोलीत बसते, विजेचं बिल बघते, भिशीचं बघते.
वायर उपटायला
जिन्याशी जाऊन उभा राहिलो.
राउटरचा दिवा एकदा लुकलुकला,
मग भराभर.