जाहीर करण्यासारखं

तेविसाव्या पहाटे आधी वास आला,
ओल्या काळ्या दगडाचा, आणि त्यात मिसळलेला गोठ्याचा.
गाएल म्हणाला, बेट.
मी म्हटलं, तूच आहेस तो, आंघोळ कधी केलीस?
मग ढग वर सरकला, आणि खाली ते होतंच,
कधीचं बसून राहिल्यासारखं.

शिडं उतरवली. वारा तसाही पडला होता.
उजव्या दोरीवर पिवळं निशाण चढवलं :
आम्ही आजारी नाही, असं आमचं म्हणणं आहे.
तपासा.

पाच वाव पाण्यात नांगर गेला.
साखळीचा खडखडाट थांबायच्या आत
एक समुद्रसिंहीण मागच्या पायरीवर चढली,
शिंकली,
आणि आमच्या दोरांच्या वेटोळ्यावर झोपली.
किनाऱ्यावर दगड समजून पाहत होते त्या घोरपडी निघाल्या,
नाकातून मीठ उडवणाऱ्या.
यांना कोणी काही विचारत नव्हतं.

आम्हाला विचारायला सात माणसं आली
एकाच होडीतून, गुडघ्यांत गुडघे अडकवून.
दलाल एफ्राइनच्या छातीशी फायलींचा गठ्ठा, त्यावर छत्री.
बूट काढून आत आले सगळे,
आजाऱ्याला बघायला यावं तसे, हलक्या आवाजात.

विल्मर पाण्यात उतरला. बोटीच्या पोटाखाली
त्याचे बुडबुडे फिरत राहिले, आणि वर आम्ही
निकालाच्या दिवशीच्या पोरांसारखे.
चिकटलेला एक शिंपला जरी निघाला असता
तर चाळीस मैल मागे, भर समुद्रात, घासून या.
बराच वेळाने त्याने डोकं वर काढलं
आणि अंगठा दाखवला.
चांगल्या अर्थाने.

नेलिदा येपेस कप्पे उघडत होती.
तांदूळ चाळून पाहिले, सोंडे नव्हते.
मध पिशवीत गेला, संत्री गेली.
मसूर सोललेला होता, त्याला तिने नुसतं हलवून पाहिलं.
आणि चुलीमागे, कॉफीच्या डब्यात :
कांदा.

बाल्बोआच्या बाजारातला. दहाव्या दिवशी कोंब फुटला
आणि मला तो चिरवेना.
कॉफीच्या चोथ्यात खोचून ठेवला होता.
वारा नव्हता त्या चार दिवसांत
मी आणि गाएल एकमेकांशी बोललो नाही.
कांद्याशी बोललो, आळीपाळीने.

तिने वाकून पाहिलं. चोथ्यात एक मुंगी होती.
झाकण लावलं. चिकटपट्टीचे तीन वेढे.
"परत मिळेल?" मी विचारलं, हसत विचारायचं ठरवून.
"जाळतात," ती म्हणाली.
मग जिन्याच्या पायरीवर टेकली, फॉर्म मांडीवर.

"माझी आई आंबातोहून आली होती बाळंतपणाला.
पिशवीत रुदाचं रोप, बाळाला दृष्ट लागू नये म्हणून.
विमानतळावर त्या दिवशी माझी पाळी नव्हती.
असती तरी घेतलंच असतं.
आईला साठ दिवस मिळाले. रोपाला एकही नाही."

आणि बाळ?

"सहा वर्षांचं आहे. दिवसभर पडलेलं असतं पाण्यात,
हिच्यासारखं." पेनाने तिने मागची पायरी दाखवली.
"त्याचं कार्ड कायमचं. बापाकडून.
माझं अजून तात्पुरतं." आणि पुढच्याच दमात,
"बियाणं? जिवंत प्राणी? इतर काही जाहीर करण्यासारखं?"

मी नाही म्हटलं.

शिक्के झाले. उतरायची वेळ झाली तर
समुद्रसिंहीण वाटेत आडवी.
तिला हात लावायची परवानगी कुणालाच नाही,
बंदराच्या अधिकाऱ्यालासुद्धा.
सातही जण बूट हातात धरून
कठड्यावरून उतरले, तिची झोप न मोडता,
डॉक्टरांचा एक मोजा भिजला.

नेलिदा शेवटची. होडी लाटेवर आपटत निघाली,
सगळ्यांनी हाताशी येईल ते धरलं.
तिने डबा धरला होता,
दोन्ही हातांनी, उभा,
कलंडू नये असा.